सायकलचा नंबर काय लिहू, साहेब?

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातले रस्ते, जंगल, धरणं आणि पर्यटन ज्यांच्या सहीने चालतं ते सर्व अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांस

विषय : नदीकाठच्या आणि जंगलालगतच्या रस्त्यांवर सायकलला जागा मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी उद्यमनगरात लेथ चालवतो. बत्तीस वर्षं झाली. आमच्या शेडला सुटी सोमवारी, त्यामुळे तुमचा रविवार तो माझा सोमवार. पहाटे गंगावेशीत कट्ट्यावर ग्लासभर धारोष्ण दूध प्यायचं आणि सायकलचं तोंड पश्चिमेला करायचं, हा माझा नेम. घरात चारचाकी नाही. ऐपत नाही म्हणून नव्हे. घेतली असती तर हप्ते फेडण्यासाठी सोमवारीही लेथवरच उभा राहिलो असतो आणि हे डोंगर बघायचे राहून गेले असते.

पत्राला कारण घडलं ते माघातल्या एका सोमवारी. जंगलाच्या कडेने, धरणाच्या पाण्याला धरून एक रस्ता जातो. पुढे दोन वाड्या आहेत, दिवसातून दोनदा एसटी जाते. रस्त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाक्यावरच्या माणसाचा यात काही दोष नाही, आणि नाव लिहिलं तर पहिली बोलणी त्यालाच बसतील हे न कळण्याइतका मी लहान नाही. तर नाक्यावर उतरलो. त्याने रजिस्टर पुढे ओढलं. नाव झालं, गाव झालं, माणसं किती ते झालं. मग पेन अडलं.

"गाडी नंबर?"

"सायकल आहे."

"ते दिसतंय ओ. पर नंबर सांगा की."

"सायकलला नंबर कुठनं असणार?"

"मग हितं काय लिवू?"

त्याचा प्रश्न खरा होता. छापील रकाना होता, वरपासून खालपर्यंत एमएच-०९, एमएच-१०, एमएच-१२ असे आकडे भरलेले, आणि माझ्या ओळीत तेवढी जागा पांढरी. आम्ही दोघेही त्या पांढऱ्या जागेकडे बघत उभे राहिलो. तेवढ्यात मागून एक उघडी जीप आणि दोन मोटारी आल्या, नंबर सांगितले, पावत्या घेतल्या आणि निघून गेल्या. धूळ बसल्यावर त्याने जरा ओशाळून बोट केलं. खांबावर नवा कोरा फलक होता : 'सुरक्षेच्या कारणास्तव सायकलस्वार व पादचाऱ्यांना प्रवेश बंद.' त्या फलकाखालून, माझ्यादेखत, पाठीला दप्तर लावलेली तीन पोरं चालत शाळेला निघून गेली. पलीकडच्या वाडीतली होती. त्यांना कोण अडवणार?

मी भांडलो नाही. सायकल वळवली आणि आलो तसा परत गेलो. रस्त्याकडेला अंजनी फुलली होती, फांद्यांना निळसर जांभळं काहीतरी चिकटवून ठेवल्यासारखी. एरवी तिच्यापाशी थांबलो असतो. त्या दिवशी थांबलो नाही, आणि तेच जास्त लागलं.

आता एक गोष्ट आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल. दाजीपूरच्या अभयारण्याच्या पोटात सायकलींचे ताफे सोडा असं माझं म्हणणं नाही. १९५८ साली ते जंगल गव्यांसाठी राखलं, १९८५ साली राधानगरीपर्यंत वाढवलं, आज ते ३५१ चौरस किलोमीटर आहे. २०१२ साली पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं जागतिक वारसा ठरली, त्यांत महाराष्ट्रातली चार : कास, कोयना, चांदोली आणि आपलं राधानगरी. ठक्याचा वाडा, सावराईचा सडा, शिवगड या बाजूला गवा हा घरमालक आहे. वळणावर आवाज न करता कुणी पुढ्यात उगवलं तर तो दचकणार, आणि एवढं मोठं जनावर दचकलं तर चूक त्याची नसते. पावसाळ्यात ते दार बंद असतं, बंदच असावं. तिथे मला अडवा, मी टोपी काढून मागे फिरेन.

पण जिथे एसटी जाते, दुधाचा टेम्पो जातो, पोरं चालत शाळेला जातात, जिथे रविवारी मोटारींची रांग लागते, तिथे धोका फक्त सायकललाच कसा? आणि असलाच, तर तो कुणापासून?

तुमच्यापैकी बरेच जण बदलीने आलेले असाल, म्हणून थोडं आमच्या मुलखाबद्दल सांगतो. मुंबईचा सायकलवाला घाट चढून चढून मेटाकुटीला येतो. कोल्हापूरकराला हा त्रास नाही, कारण आपण मुळात वरच राहतो. पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी गुप्त सरस्वती. प्रयाग चिखलीला त्या एक होतात. आपण उलटं जायचं. यातली एकेक नदी धरायची आणि तिच्या माहेरी पोचवायची. कासारी धरली की गेळवडे आणि गजापूर. कुंभी धरली की गगनबावडा. तुळशी धरली की धामोड. भोगावती धरली की राधानगरी. दक्षिणेला सरकलात तर दूधगंगेवर काळम्मावाडी, वेदगंगेवर पाटगाव. प्रत्येक खोऱ्यात चढ इतका हळूहळू की दम लागायच्या आधी गाव येतं. उसाचा हिरवा सरतो, भाताचा सुरू होतो, भाताच्या खाचरांना झाडी खेटायला लागते, शीळकरी कस्तुर पक्षी कुठल्यातरी ओढ्यात मवाल्यासारखी शिट्टी मारतो, आणि मग एकदम रस्त्याखालची जमीनच संपते. खाली कोकण. पन्नास-पंचावन्न किलोमीटर पायडल मारून डोंगराच्या कडेला असं उभं राहता येतं, ही चैन महाराष्ट्रात किती शहरांच्या नशिबी आहे?

याहून मोठी चैन म्हणजे आपले बंधारे. देशभर इंजिनियर लोक ज्याला 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात तो. दगडी खांब, खांबांना खाचा, पाऊस सरला की खाचांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसवायचे, पाऊस तोंडावर आला की काढायचे. वरून बैलगाडीपुरती वाट. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट हे आमच्याकडे सकाळी उठल्या उठल्या विचारतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण पाणी उतरलं की हेच बंधारे सायकलचे पूल होतात. या काठाची पाणंद, बंधारा, त्या काठाची पाणंद, पुढच्या नदीवर पुन्हा बंधारा. मोठ्या रस्त्याला न लागता मी असा तीन नद्या ओलांडून गेलो आहे. मोटारीला तिथे वावच नाही. मोटार नसलेल्या सायकलवाटांचं जाळं लोक परदेशात कोट्यवधी खर्चून उभारतात म्हणे. आपल्याकडे ते शेताला पाणी देता देता आपोआप होऊन बसलं आहे. कुणी त्याचं उद्घाटन केलेलं नाही, म्हणून बहुधा ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

आता गाऱ्हाणी.

सगळ्यांत आधी साइडपट्टी. हा शब्द तुमच्या निविदेत एका ओळीत येतो आणि जातो. माझ्या घरात तो सहा आठवडे मुक्कामाला होता. दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रविवारी मी आणि माझी मुलगी गेलो होतो. रस्ता नवा, काँक्रीटचा, आरशासारखा. पण काँक्रीटची कड आणि बाजूची माती यांच्यात वीतभर उंचीचा फरक, कारण साइडपट्टी भरायचं काम 'नंतर' होणार होतं. मागून एका मोटारीने हॉर्न दाबून धरला. मुलगी बाजूला झाली. बाजूला रस्ताच नव्हता. पुढचं चाक खाली गेलं, ती खांद्यावर पडली, गळ्याचं हाड मोडलं. मोटार थांबली नाही. खरं सांगायचं तर तिला कळलंही नसेल. मी काही नवशिका नाही, लेथवर दोन धाग्यांचा फरक बोटाला कळतो मला, पण त्या दिवशी पोरीचा हात धरून पावसात बसलो असताना मला एवढंच दिसत होतं की वीतभर मुरूम तिथे असता तर आम्ही आत्ता भजी खात असतो.

ती आता बरी आहे. सायकलही चालवते, पण गावात. तिच्या बँकेला सुटी रविवारी, आणि रविवारी त्या रस्त्यांवर जायची तिची छाती होत नाही. एकदा म्हणाली, "बाबा, तुमचा सोमवार मी कुठनं आणू?" या पत्रातली पुढची मागणी तिच्या त्या वाक्यातून आली आहे.

दुसरं गाऱ्हाणं रविवारचंच, पण मला दिसतं ते सोमवारी. धबधब्यांकडे जाणारे जे रस्ते आहेत, बर्कीचा घ्या, राऊतवाडीचा घ्या, तिथे पावसाळ्यातल्या सोमवारी सकाळी एकदा माझ्याबरोबर या. राज्यात थर्माकोलच्या ताटांना २०१८ सालीच बंदी आली. ती बंदी तिथे ओढ्यात तरंगत असते. बाटल्यांचं बोलत नाही. मला जास्त लागतात ते खेकडे. पहिल्या पावसानंतर डोंगरातले खेकडे रात्री-पहाटे रस्ता ओलांडतात. सायकलवरून ते दिसतात, आपण वळसा घालतो, तो नांगी उगारून आपल्याला दम देतो आणि तिरका तिरका गवतात जातो. सोमवारी सकाळी ते डांबरात दाबलेले असतात. एकदा एकाची नांगी तेवढी उभी राहिली होती, बाकी सगळा सपाट. बेडकांचंही तेच. ज्या जंगलाची पाटी आपण जगाला दाखवतो, त्याच्या दाराशी दर रविवारी रात्री हे चालतं.

बंधाऱ्यांबद्दल एवढंच की अवजड वाहनं जाऊ नयेत म्हणून काही ठिकाणी लोखंडी कमान उभी केली आहे, ती उत्तम. पण एका बंधाऱ्याच्या तोंडाला सरळ मातीचा ढीग ओतून ठेवलेला मी बघितला. मोटार अडली, ठीक. पण सायकल डोक्यावर घेऊन ढीग चढावा लागला, आणि माझ्या पुढे एक म्हातारी वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन तोच ढीग चढत होती. हातभर फट ठेवली असती तर काय बिघडलं असतं? कठडेही कित्येक ठिकाणी गेलेले आहेत. पुरात जातात हे मान्य, पण पूर उतरल्यावर परत यायला हवेत की नाही?

हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात लाल दिव्याशिवाय, रिफ्लेक्टरशिवाय उभे असतात. यावर दरवर्षी बोललं जातं, दरवर्षी स्टिकर वाटले जातात, दरवर्षी कुणीतरी जाऊन धडकतं. मी यात नवीन काय सांगणार.

एसटीचं मात्र सांगतो. पूर्वी लाल डब्याच्या टपावर कॅरिअर असे आणि मागे शिडी. कोकणात उतरून सायकल टपावर टाकून घाट चढून आलेली माणसं आमच्या गल्लीत होती. नव्या गाड्यांच्या टपावर कॅरिअरही नाही आणि मागे शिडीही नाही. त्यामुळे आता काय होतं? शहरातले हौशी सायकलवाले मोटारीच्या पाठीला सायकल बांधून घाटमाथ्यापर्यंत नेतात, तिथे दोन तास चालवतात आणि पुन्हा मोटारीत घालून आणतात. माझे मित्रच आहेत ते, त्यांना नावं ठेवत नाही. पण सायकल चालवायला मोटार लागावी, ही वेळ आपण आणली आहे.

आणि ३ जून. २०१८पासून तो जागतिक सायकल दिन आहे. अशाच एका ३ जूनला मी एका कार्यक्रमाला गेलो होतो. हिरवा झेंडा दाखवणारे पाहुणे आठ मोटारींच्या ताफ्यातून आले, आणि त्या मोटारी लावायला जागा हवी म्हणून आम्हां सायकलवाल्यांना मैदानाच्या पलीकडच्या चिखलात उभं केलं. मला हसू आवरेना. शेजारच्या पोराला वाटलं, काका आनंदाने हसतायत.

तुम्ही म्हणाल, पर्यटन वाढायला हवं, खोऱ्यातल्या लोकांना चार पैसे मिळायला हवेत. मी कुठे नाही म्हणतो? एका सोमवारचा माझा हिशेब वहीत आहे, गगनबावड्याच्या वाटेवरचा. कळे गावात मिसळ ७० रुपये, पुढे दोन ठिकाणी चहा २०, एका घरी पिठलं-भाकरी आणि खर्डा १२०, येताना गुऱ्हाळावरून अर्धा किलो गूळ ४०, आणि ट्यूबने दगा दिला म्हणून पंक्चर ६०. एकूण ३१०. मोठी रक्कम नाही. पण ती सहा हातांत गेली, आणि सहाही हात त्याच खोऱ्यातले. मोटार कोल्हापुरात पेट्रोल भरते, डिकीत खोका भरते आणि थेट धबधब्यावर थांबते. मधल्या गावांना तिच्याकडून मिळतो तो हॉर्न. जिच्याकडे मी जेवतो ती मावशी म्हणते, "गाडीवाली थांबत न्हाईत बाबा, काच बी खाली करत न्हाईत. सायकलवाली दोन भाकऱ्या जास्त खात्यात."

रस्ता बंद करणं शक्य नाही, असं उत्तर येणार हे मला माहीत आहे. म्हणून भाच्याकडून कायदा काढून घेतला. वकिली शिकतोय तो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११५. लोकांच्या सुरक्षिततेसाठी किंवा सोयीसाठी, किंवा रस्त्याचं-पुलाचं स्वरूपच तसं असेल तर, एखाद्या रस्त्यावर मोटार वाहनांना मनाई करण्याचा किंवा मर्यादा घालण्याचा अधिकार सरकारला आणि सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. मनाई महिनाभरापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात छापायचीही गरज नाही, गावात नीट कळवलं की पुरे. गंमत बघा, कायद्याने हात दिला आहे तो मोटार थांबवायला. आणि तुम्ही फलक लावलात तो सायकल थांबवायला.

आणि तुम्ही रस्ते बंद करता की! जोतिबाच्या चैत्र यात्रेला वाहतूक वळवता, लाखो माणसं वाकडी वाट करून गुलालात न्हाऊन घरी जातात, कुणी तक्रार करत नाही. २०२४ साली काँक्रीटच्या कामासाठी करूळ घाट कित्येक महिने बंद ठेवला. कोकण जागच्या जागी राहिलं, कोल्हापूरही राहिलं. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात, आणि माणसं तरी तिथे पिढ्यान्‌पिढ्या जातातच. कासला फुलांच्या दिवसांत दररोज किती माणसं सोडायची ते ठरलेलं असतं. मुंबईतल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तर सायकली भाड्याने मिळतात, आणि तिथे गवा नाही, बिबट्या आहे.

म्हणून मागतो ते थोडकं आणि स्पष्ट मागतो.

तो फलक काढा. काढता येत नसेल तर सायकलचा नेमका धोका कुठला, तो कुणी ठरवला आणि शाळेच्या पोरांना तो का लागू नाही, हे लेखी कळवा. कारण पटलं तर मी गप्प बसेन.

जिथे जिथे नाका आणि रजिस्टर आहे तिथे 'सायकल' असा एक रकाना छापा. खर्च शून्य. तुम्ही बैठकांत विचारता, सायकलवाले आहेतच किती? चार टाळकी! मोजायला रकानाच नाही तर चारच दिसणार. जे रजिस्टरात नाही ते आराखड्यात येत नाही, आणि जे आराखड्यात नाही त्याची साइडपट्टी 'नंतर' होते.

जून ते फेब्रुवारी, दर रविवारी सकाळी सहा ते दहा, ज्या रस्त्यांना पुढे दुसरी वाट फुटत नाही अशा दोन-तीन रस्त्यांवर पर्यटकांच्या मोटारी खालच्या गावातच थांबवा. बर्कीकडचा शेवटचा टप्पा घ्या, पाटगावच्या पुढे रांगणा किल्ल्याकडे जाणारा घ्या. एसटी, रुग्णवाहिका, दुधाचे टेम्पो आणि गावकऱ्यांच्या गाड्या सोडून. दहानंतर रस्ता ज्याचा त्याला मोकळा. फोंडा, करूळ, आंबा हे घाट मी मागत नाही, ते कोकणाचे दरवाजे आहेत, ट्रक थांबवून तिथे माझी सायकल जावी असा माझा हट्ट नाही. एक पावसाळा करून बघा. खालच्या गावात मोटारी लावायचे पैसे ग्रामपंचायतीला घेऊ द्या, मग गावच तुम्हाला सांगेल पुढच्या वर्षी काय करायचं ते.

काँक्रीटच्या कोणत्याही रस्त्याचं शेवटचं बिल साइडपट्टी भरल्याशिवाय देऊ नका.

बंधाऱ्यांच्या तोंडाला मोटार अडवा, जरूर अडवा, पण सायकल आणि डोक्यावरचा भारा जाईल एवढी फट ठेवा. दिवाळीपर्यंत कठडे परत बसवा. आणि पाणंदीच्या तोंडाला एक दगड रोवा : पुढचा बंधारा किती किलोमीटर, पलीकडचं गाव कुठलं. एवढंच. कृपा करून याला 'सायकल ट्रॅक' म्हणू नका. ट्रॅक म्हटलं की पेव्हर ब्लॉक येतात, पेव्हर ब्लॉक आले की ठेकेदार येतो, मग कमान, कमानीवर फोटो, आणि सहा महिन्यांत त्यावर भाजीच्या गाड्या. पाणंद आहे तशी मातीची राहू दे. आम्हाला माती चालते.

घाटातल्या एसटींपैकी रोजच्या दोन फेऱ्यांना तरी सायकल घेण्याची सोय करा. भाडं लावा, आम्ही देऊ.

यापेक्षा जास्त मला सुचत नाही. उपोषणाला बसणार नाही, रस्ता रोको तर नाहीच नाही. रस्ता अडवणं हे माझ्या तक्रारीचंच कारण आहे.

एक सांगायचं राहिलं. परवा घरातली जुनी पेटी आवरताना वडिलांच्या सायकलचा बिल्ला सापडला. ते शाहू मिलला होते. दुपारचा भोंगा झाला की मिलच्या दारातून सायकलींचा लोंढा निघायचा, रस्त्याला दुसरं काही चालायलाच जागा उरत नसे. त्या प्रत्येक सायकलला तेव्हा नगरपालिकेचा पितळी बिल्ला असे. वर्षाचा कर भरायचा, बिल्ला हँडलखाली बांधायचा, नाहीतर दंड. म्हणजे कर घ्यायचा होता तोवर सायकलला नंबर होता.

पितळ काळं पडलं होतं. शेडवर नेऊन बफिंग व्हीलला लावलं, आकडे उठून आले : ३१८७.

येत्या सोमवारी मी त्या नाक्यावर पुन्हा येतो आहे. साधारण नऊला पोचेन. बिल्ला हँडलला बांधलेला असेल, रकान्यात लिहायला नंबर आहे. नाक्यावरच्या माणसाला तेवढं आधी कळवून ठेवा, म्हणजे त्याची अडचण होणार नाही.

कळावे,
आपला,
उद्यमनगरातला एक लेथवाला
कोल्हापूर